अनोळखी प्रकार

सासऱ्यांसाठी मी एक लहानसं मोबाइल ॲप केलं होतं. ते आणि सासूबाई रोज सक्करदऱ्याच्या तलावावर फिरायला जात. दिसलेला पक्षी ॲपवर टिपायचा, वाटलं तर सोबत आवाज भरायचा, एवढंच त्यात होतं. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. बाबांनी फिरणं थांबवलं नाही.

एप्रिलच्या एका दुपारी ते फोन घेऊन आले.

"मेघा, हे काहून उघडून नाही राहिलं वं?"

मी फोन लॅपटॉपला जोडला. कूलरच्या गवताचा ओला वास खोलीभर होता. पडद्यावर एरर आली: अनोळखी प्रकार, ॲडाप्टर नोंदवायचा राहिला का? साठवलेली गोष्ट ॲपला ओळखता यावी म्हणून प्रत्येक प्रकाराला क्रमांक देऊन एक छोटा कोड नोंदवावा लागतो, तोच ॲडाप्टर. मी बगळा, खंड्या आणि टिटवी असे तीनच प्रकार केले होते. फोनमधली शेवटची नोंद चौथ्या क्रमांकाची होती.

"बाबा, काल काय टिपलं तुम्ही?"

"पक्षीच असन. पाण्यावर उभा होता. मी बटन दाबलंच नाही, त्यानं आपणच घेतलं."

"सगळं पुसून नव्यानं टाकू का?"

"पुसू नको वं," ते हळू बोलले. "तिचा आवाज आहे त्यात."

नोंदणीचा क्रम तपासला, बरोबर होता. मग बगळ्याच्या ॲडाप्टरची नक्कल केली आणि तिला चौथा क्रमांक दिला. आता वेगळी एरर आली: हा क्रमांक आधीच घेतलेला आहे. मी तर तो कुणालाच दिला नव्हता.

खिडकीतलं ऊन पडद्यावर पाण्यासारखं हलत होतं. डोळे जड झाले होते. आधीच्या ॲडाप्टरच्या जागी नवा नोंदवायचा पर्याय असतो, तो वापरला.

ॲप उघडलं.

बाबांनी एक जुनी नोंद दाबली. सासूबाई बोलल्या, "अवो, पाहा ना, बगळे आले."

बाबा हसले. पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बगळे म्हणजे काय वं?"

मला वाटलं, गंमत करताहेत. नवऱ्याला फोन लावला. सौरवनंही तेच विचारलं, अगदी सहज. मी घाईनं केलेला बदल मागे घेतला. तरी बगळ्याचा मूळ कोडही फाइलमध्ये नव्हताच.

संध्याकाळी बाबांसोबत तलावावर गेले. काठच्या बाभळींवर एकही पांढरा ठिपका नव्हता. माणसं नेहमीसारखी चालत होती. पाण्याच्या मधोमध काहीतरी उंच, राखाडी उभं होतं आणि कुणीही तिकडे थांबून पाहत नव्हतं.

"आपला नेहमीचा," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

पाण्यावरच्यानंही जोडले.