तिचाकीचं सीमोल्लंघन

दसऱ्याला दारातली गाडी हलली नाही, तर ती वर्षभर दारातच राहते, असं दौलतराव इंगवल्यांच्या घरात मानत. पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवून झाली, तरी गाडी जागची हलेना. दौलतराव तिच्याकडे रुसलेल्या जावयाकडे बघावं तसे बघत होते.

लालभडक तिचाकी होती ती. पुढे दोन चाकं, मागे एक. ना छत, ना दारं. बसलं की रस्ता बुडापासून वीतभर खाली. पन्हाळ्याच्या वळणांवर ती पिटाळली, की पन्नाशीतल्या दौलतरावांना विशीतलं वारं लागायचं. निम्मं कोल्हापूर त्यांना या गाडीवरूनच ओळखायचं.

पण अशा उघड्या गाड्यांना आता स्पर्शवाचक स्टिअरिंग सक्तीचं झालं होतं. तळवे टेकले की ते मज्जातंतूंची थरथर वाचायचं, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक. दारू, झोप, आजार, सगळं त्याला वेगवेगळं कळायचं. गेल्या आठवड्यात ते बसवलं आणि तेव्हापासून दौलतरावांनी हात ठेवला की पडद्यावर पिवळी अक्षरं उमटायची : 'मज्जाविकाराचा संशय. डॉक्टरांना भेटा.' इंजिन ढिम्म.

"यंत्राला माणूस कळतोय व्हय? धडधाकट हाय मी!" असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते. डॉक्टरकडे मात्र फिरकले नव्हते. आतून त्यांची पाचावर धारण बसली होती.

"आप्पा, मी काढतो की बाहेर," त्यांची मुलगी मृणाल म्हणाली. कोल्हापूरची लेक ती, 'काढते' म्हणणार नाही. मार्गशीर्षात तिचं लग्न होतं. तिने हेल्मेट चढवलं, ऐटीत बसली आणि हात टेकले.

पिवळी अक्षरं उमटली. तीच.

दौलतरावांनी टाळीच वाजवली. "बघ! तालमीत कुस्ती खेळणारी पोर, आन् हिला म्हणं आजार! चोराच्या उलट्या बोंबा! मशीनच आजारी हाय!" आठवडाभर छातीवर बसलेला धोंडा एकदम उतरला. स्टिअरिंग बसवणाऱ्या इलाही मिस्त्रीला त्यांनी तिथूनच हाक मारली.

इलाही गल्लीतलाच. आला, दोघांना आपट्याचं सोनं दिलं आणि मृणाल उठल्यावर सीटवर बसला. त्याने हात टेकले मात्र, गाडी एका दमात सुरू झाली. त्याने ती बंद केली, तळवे पँटीला पुसले, पुन्हा टेकले. पुन्हा सुरू.

"दादा," तो मान खाली घालून म्हणाला, "गाडीत काय दोष न्हाई."

दौलतरावांना आई आठवली. चाळिशीतच तिच्या हातून भाकरी निसटायला लागली, मग घास, मग शब्द. घरच्यांनी देवऋषी केले, अंगारे लावले. डॉक्टर 'हे रक्तातून उतरतं' असं काहीसं म्हणाला होता, ते वडिलांनी उंबऱ्याबाहेरच ठेवलं. आई म्हातारपणाने गेली, असं मृणालला सांगायचं ठरलं होतं आणि दौलतरावांचाही हळूहळू त्यावर विश्वास बसला होता. स्वतःचं काय, ते त्यांनी मुकाट्याने गिळलं असतं. पण पोरीचं? या हातांनी तिला झोपाळ्यावर झुलवलं, सायकल शिकवली, आणि त्याच रक्तातून हे देऊन बसलो.

त्यांनी गाडी बंद करायला हात पुढे केला. तो थरथरत होता, आणि आता ते सगळ्यांना दिसत होतं.

मृणालने हेल्मेट काढलं. ती आपले तळवे उलटेसुलटे करून बघत राहिली. मग तिने वर पाहिलं.

"आप्पा, आजीला नेमकं काय झालं हुतं?"