दारात अर्धा उभा राहिलेला दाता

हे ऐकीव नाही. मी स्वतः तिथे होते.

म्हैसूर. गेल्या वर्षीची आयुधपूजा. रात्रसुद्धा नव्हती, भर दुपार होती.

आमची लहानशी कंपनी दुर्मीळ रक्तगटाचे दाते शोधणारा प्रोग्रॅम सांभाळते. त्या दिवशी सगळ्या कॉम्प्युटरना कुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. दारात कोहळा फोडला. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत यंत्राला हात लावायचा नाही.

"लोहितच्या मशीनलाही हार घाला," आमचे रेवण्णा सर म्हणाले. "आणि चालू करा रे आधी! काळ्या पडद्याला ओवाळताय, लाज नाही वाटत?"

लोहित आमच्यातलाच. त्याच उन्हाळ्यात मोटरसायकलच्या अपघातात गेला होता.

चुरमुरे वाटून झाले, सगळे घरी गेले. सर आणि मी कुलूप लावत होतो...

फोन वाजला.

हॉस्पिटलमधून गिरिजक्का बोलत होत्या, तिथल्या नर्स. लोहितची बहीण अश्विनी बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. तिचा रक्तगट बॉम्बे. हजारोंत एखाद्याचा. लोहितचाही तोच होता.

"सहना, तुमचा प्रोग्रॅम बंद पडलाय. दाताच शोधता येत नाहीये. लवकर बघ गं!"

मी झेंडू बाजूला सारले आणि बसले.

प्रोग्रॅमच्या, पायथनमध्ये लिहिलेल्या दोन फाइली. 'दाता' सुरू होताना 'मागणी'ला बोलावत होती. 'मागणी' सुरू होताना 'दाता'ला. दोघी एकमेकींसाठी अडून बसलेल्या. पडद्यावर चूक दिसत होती, 'दाता' अर्धवटच उभा राहिलाय.

'मागणी'ला बोलावणारी 'दाता'मधली पहिली ओळ त्याच सकाळची होती.

लोहितच्या नावावर.

"सर, त्याचं मशीन चालू केलं ना आपण? त्याचं राहिलेलं काम आपोआप प्रोग्रॅममध्ये आलं असणार."

कारण सापडलं, तसं मला बरं वाटलं. ओळ काढली. प्रोग्रॅम चालवला.

तीच चूक. ओळ परत जागेवर...

सरांनी लोहितच्या मशीनची वायर उपटली. मी ओळ पुन्हा काढली.

पुन्हा आली.

मागे त्याची खुर्ची करकरली... एकदाच.

फोन स्पीकरवर चालूच होता. गिरिजक्का म्हणाल्या, "अगं, दाता आलाय की! खोलीच्या दारात उभाय. आत ये म्हटलं तर म्हणतो, मागणी येऊ दे. अर्धा आत, अर्धा बाहेर. काय एकेक पोरं असतात!"

"कोण आहे, अक्का?"

"थांब, विचारते..."

फोनवर पावलं लांब गेली, परत आली.

"अश्विनीचा भाऊ म्हणतोय."

सरांनी उपटलेल्या वायरकडे पाहिलं.

एकच उपाय उरला होता. ती ओळ काढायची नाही, खाली सरकवायची. सुरू होतानाच कुणाला बोलवायचं नाही, गरज पडेल तेव्हाच बोलवायचं. तेवढ्याने फेरा तुटतो. मी ओळ सरकवली, पण बोट पुढे जाईना.

"सर, चालवला तर तो आत..."

"आणि नाही चालवला तर?" सर ओरडले. "दुसरा माणूस कुठून शोधायचा, पोरी?"

मी चालवला.

चालला. अश्विनीची मागणी आत गेली आणि शंभरेक किलोमीटरवरच्या हासनमधला एक दाता सापडला. लगेच निघाला.

फोनवर गिरिजक्का म्हणाल्या, "आला बघ आत..."

मग नुसता अश्विनीजवळच्या मॉनिटरचा आवाज. लांब... एकसुरी.

हासनचा माणूस पोचला, तेव्हा अश्विनी गेली होती.

गिरिजक्का आता म्हणतात, दारात कुणीच नव्हतं, मी असलं काही बोललेच नाही. पण सरांनीही ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली. ओळ परत पहिल्या जागी होती. फेरा जसाच्या तसा. नियमाने प्रोग्रॅम उभाच राहायला नको.

तरी चालतोय. का, ते मला सांगता येत नाही.

अश्विनीची मुलगी सुखरूप आहे. या आठवड्यात तिचा रक्तगट कळला.

मामाचाच.

"प्रोग्रॅममध्ये नाव घालून ठेव तिचं," सर म्हणतात. "उद्या तिला रक्त लागलं तर?"

मी अजून घातलेलं नाही. 'मागणी'त तिचं नाव गेलं, की पलीकडे कोण उभं राहील... ते मला माहीत आहे.