दिवे नसलेली धावपट्टी

दादाच्या इन्सुलिनचा डबा पुरात वाहून गेला, म्हणून आम्ही निघालो होतो. जंगलाच्या मोजणीच्या तळावर तो आणि वहिनी दोघंच उरले होते. दादाला उलट्या होताहेत, धाप लागलीय, असं वहिनीने वायरलेसवर सांगितलं होतं. धावपट्टीवर जीपचे दिवे लावून ठेवते, असंही म्हणाली होती.

विमान काकांचं, पिकांवर फवारणी करायचं, जेमतेम दोघांपुरतं. माझ्या मांडीवर औषधाची बर्फाची पेटी होती आणि जीव टांगणीला लागला होता. ढगांना वळसा घालण्यात उशीर झाला, तरी काका निवांत पेपरमिंट चघळत होते. घाई हा शब्द त्यांना कुणी शिकवलेलाच नाही!

तळावर पोहोचलो तेव्हा आमच्या पंखांवर अजून ऊन होतं, पण खाली झाडं आणि जमीन एक झाली होती. धावपट्टीचा फिकट पट्टा तेवढा दिसत होता. दिवे कुठेच नव्हते.

"पट्टी दिसतेय की! उतरा ना, काका. दादा जाईल हो!"

"तो माझाही पुतण्या आहे. पण दिवे लावते म्हणाली, आणि दिवे नाहीत. मी इथे उतरणार नाही."

मी रडले, नाही नाही ते बोलले. काकांनी विमान नदीकडे वळवलं. पूर ओसरून तिथे पांढरी वाळू उघडी पडली होती आणि तिच्यावर अजून थोडा उजेड होता.

खाली आलो. पाणी! ओंडका! काकांनी विमानाचं नाक उचललं. चाकं आपटली, उडाली, पुन्हा आपटली. एक पंख वाळूत घासला आणि विमान थांबलं. पेटी शाबूत होती.

मी पेटी घेऊन झाडीतून पळत सुटले. काका टॉर्च घेऊन मागे राहिले, पण मला कुठला धीर! धावपट्टी लागली. अंधारात सरळ पळाले आणि धाडकन लोखंडावर आदळले.

पट्टीच्या मधोमध जीप उभी होती.

कंदील घेऊन वहिनी धावत आली. आम्हाला लांबून दिसावं म्हणून तिने दुपारपासूनच दिवे लावून ठेवले होते. आवाज आला की जीप बाजूला घेणार होती. जीपची बॅटरी बसली, तिच्यावर चालणारा वायरलेसही गेला, आणि एकटीला जीप ढकलवेना.

आधी दादाला इंजेक्शन दिलं. पहाटे त्याचा श्वास संथ झाला. डोळे उघडल्यावर त्याने विचारलं, ही का लंगडतेय?

"जीपला धडकली," काका म्हणाले. "स्वस्तात सुटली."

मी त्यांच्याकडे हात पसरला. त्यांनी हातावर एक पेपरमिंट ठेवलं.