ब्लँक फाईल

पलटणीच्या स्थापना दिनाला निवृत्त जवानांची एक तुकडी परेड करायची, ही त्यांची जुनी रीत. शहाण्णव सालच्या डिसेंबरात बंगळूरच्या मैदानावर असे अकरा जण जमले. बहुतेकांची पोटं सुटलेली, दोघांच्या हातात काठ्या. काठ्या झाडाला टेकवून ते रांगेत उभे राहिले आणि मग मात्र कुणाची त्यांना म्हातारं म्हणायची बिशाद नव्हती.

सुभेदार नरसिंहराव इंदिरानगरहून रिक्षानं आले होते. शामियान्यात पुढच्याच खुर्चीवर भाग्यलक्ष्मीबाई बसल्या होत्या, लढाईतून परत न आलेल्या विश्वेश्वरच्या पत्नी. त्यांच्याकडे बघायचं नरसिंहरावांनी टाळलं.

एकाहत्तरच्या लढाईत त्यांची तुकडी पहाटे एका टेकडीवरून माघारी आली, तेव्हा हजेरी झाली होती. तीन रांगा. पुढच्या रांगेनं आकडे म्हणायचे आणि शेवटच्या आकड्याला तिनानं गुणायचं. आपल्या मागची जागा रिकामी असेल, तर ‘ब्लँक फाईल’ असं ओरडून सांगायचं. नरसिंहरावांच्या मागे विश्वेश्वर नव्हता. थकव्यानं म्हणा, भीतीनं म्हणा, ते नुसतं ‘तीन’ म्हणाले. बारा जण हजर धरले गेले आणि शोधायला कुणी गेलं नाही. दुपारी उलगडा झाला, तोवर टेकडी शत्रूच्या हातात गेली होती. दोष धुक्यावर ढकलला गेला आणि नरसिंहरावांनी तो जाऊ दिला.

आज परेड संपली की बाईंना सगळं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्याआधी निदान ते दोन शब्द तरी खणखणीत म्हणायचे. कारण आजही त्यांच्याच मागची, मधल्या रांगेतली जागा रिकामी होती. त्या जागेच्या मागे मंजुनाथ उभा होता. तो पलटणीत आला चौऱ्याहत्तरला.

“अण्णा, स्वल्प पुढं सरकू का? मधे जागा सुटलीय.”

“नको. ती तशीच ठेवायची असते.”

सावधानचा हुकूम सुटला. बूट वाजले. एक टाच अगदी पाठीशी वाजल्यासारखी वाटली. मंजुनाथचीच असेल, नरसिंहरावांनी स्वतःची समजूत घातली.

मग कुणीतरी त्यांची कॉलर सरळ केली.

तपासणीआधी मागच्यानं पुढच्याची कॉलर नीट करायची, ही पलटणीची सवयच. पण मंजुनाथचा हात तिथवर पोचणं शक्य नव्हतं. बोटं गार होती, आणि सावकाश काम करत होती.

“एक!”

“दोन!”

आता नरसिंहरावांची पाळी. गप्प बसलो तर तेच पाप पुन्हा, एवढंच त्यांना कळत होतं.

“तीन! ब्लँक फाईल!”

बोटं थांबली. मग मानेवरून निघून गेली.

“चार!”

नरसिंहरावांनी पंचवीस वर्षांचा श्वास सोडला. मागून मंजुनाथ कुजबुजला,

“असं का म्हणालात, अण्णा? माझ्यापुढच्या पोरानं मान खाली घातली.”