डॉक्टर क्राउटनरांच्या व्हिजिटी

२०१६च्या नोव्हेंबरात गावात फ्लूची साथ होती आणि डॉक्टर मी एकटीच. म्युनिकपासून तासाभरावरचं आल्टेनरीड. माझा दवाखाना एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टर क्राउटनरांच्या घरात होता. त्यांची तिन्ही मुलं एकाच आठवड्यात घटसर्पाने गेली, तेव्हा ते गावातली इतरांची मुलं तपासत हिंडत होते. पुढे बायकोने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. रिसेप्शनवरच्या फ्राउ मोझरनी हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

सकाळी साठ पेशंट, दुपारी घरोघर व्हिजिटी. पाय सुजायचे. गाडीत बसल्यावर किल्ली फिरवायचंही जिवावर यायचं.

सोमवारी एक म्हातारी म्हणाली, "डॉक्टर सकाळीच येऊन गेले की." तिचं वय एक्क्याण्णव. मी सोडून दिलं.

बुधवारी एका निवृत्त मास्तरांनी तेच सांगितलं. काळा कोट घातलेले वृद्ध गृहस्थ आले, पाठीला नुसता कान लावला आणि म्हणाले, उजवीकडे खाली न्यूमोनिया आहे. मास्तरांचं डोकं ठिकाणावर होतं. मी स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे, खालीच.

शुक्रवारी माझ्या सहा वर्षांच्या ओवीला ताप भरला. माझा नवरा, श्रीरंग, सुट्टी घेऊन घरी थांबला. दुपारी अडीचला मी वाटेत घरी डोकावले.

"तुझे सीनियर येऊन गेले," तो म्हणाला.

"कोण सीनियर?"

"ते म्हातारे. तूच पाठवलंस ना? घसा बघितला, साधाच ताप आहे म्हणाले. मग तासभर तिच्यापाशी नुसते बसून होते. उठताना म्हणाले, उरलेल्या तीन व्हिजिटी मी करतो, बाईंना मुलीजवळ बसू द्या."

तीनच उरल्या होत्या. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ओवी जागी होती. ती जर्मनमध्ये म्हणाली, "ते आजोबा खूप दमलेत. तुझ्यासारखे."

मी निघायला हवं होतं. शेवटच्या घरी तर एक बाई अखेरच्या घटका मोजत होत्या. पण मी बूट काढले आणि ओवीच्या शेजारी आडवी झाले. किती महिन्यांनी अशी झोप लागली.

फोनने जाग आली. बाहेर अजून थोडा उजेड होता. त्या शेवटच्या पेशंटची मुलगी बोलत होती.

"फ्राउ डॉक्टर, तुमचे आभार मानायचे राहिले. आई जाईपर्यंत तुम्ही तिचा हात धरून बसलात. आज पहिल्यांदाच घाई केली नाहीत."

मी उठून बसले. ती बोलतच होती.

"एक विचारायचं होतं. मृत्यूच्या दाखल्यावर तुमची सही आहे, पण ती ऑफिसात चालेल ना? अक्षरं वाचता येत नाहीत. सगळ्यांच्या डोक्यावरून एकच रेघ ओढली आहे."

जर्मनीत आल्यापासून नऊ वर्षांत मी एकदाही मराठीत सही केली नव्हती.