टाकी पूर्ण

“मोठीला आता रडूच येत नाही. रविवारी धाकटीला बसवून बघू.”

सासूबाई ह्यांना हलक्या आवाजात सांगत होत्या आणि मी चहाचा ट्रे धरून दाराबाहेर उभी होते. मोठी म्हणजे माझ्या जाऊबाई, धाकटी म्हणजे मी. लग्न नुकतंच झालेलं. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून रडवतील, एवढी माझ्या मनाची तयारी होती. विमानात बसवून रडवतील हे काही डोक्यात आलं नव्हतं.

विमान मागच्या खोलीत होतं. भंगारातून आणलेली वैमानिकाची खुर्ची, समोर तीन स्क्रीन, डाव्या हाताशी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, आणि मधोमध इंधनाचा काटा. माझे थोरले दीर लढाऊ विमान चालवायचे. परतताना इंधन संपलं आणि नदीच्या अलीकडेच विमान कोसळलं. त्यांची ती शेवटची फेरी ह्यांनी सिम्युलेटरवर जशीच्या तशी उभी केली होती. किती उंचीवर, किती वेगात किती इंधन जळतं, थेंबाथेंबाचा हिशोब. सुरुवातीचा आकडा तेवढा सासऱ्यांचा: टाकी पूर्ण. ते तळावर इंधन भरायच्या कामावर होते. मुलाचं विमान त्या दिवशी त्यांनीच भरलं होतं.

पण हिशोब जुळायचा नाही. विमान नदी ओलांडून सुखरूप उतरायचं, वर टाकीत इंधन शिल्लक. विमान ठरल्या मार्गानं आपोआप चालायचं. बसणाऱ्यानं फक्त थ्रॉटलवर हात ठेवायचा. जाऊबाई बसल्या आणि रडल्या, की मात्र नेमकं नदीच्या अलीकडे इंजिन बंद.

“बघितलंस?” सासूबाई म्हणायच्या. “रडताना तुझा हात जड होतो, जास्त जळतं. त्याचंही तेच झालं. निघताना भांडली नसतीस तर आज माझा मुलगा घरात असता.”

जाऊबाई मान खाली घालायच्या. हे मात्र आकडा जुळला म्हणून खूश. त्या भांडणाची गोष्ट पहिल्यांदा काढली होती सासऱ्यांनी. पण ते स्वतः या खोलीचा उंबरा कधी ओलांडत नसत.

मी फारसं बोलत नाही, बघते. आणि मी बघितलं होतं, की काटा आधी घसरतो, जाऊबाईंचा हात मग हलतो.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर खिडक्या लावून मला बसवलं. खुर्चीला रॉकेलसारखा उग्र वास येत होता. ह्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवला.

“माहेरची आठवण काढ,” हे प्रेमानं म्हणाले. “जमेल तुला.”

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. विमान अजून धावपट्टीवर होतं, इंजिनही सुरू झालेलं नव्हतं... आणि काटा खाली यायला लागला. सावकाश. कुणीतरी पायऱ्या उतरावं तसा. पाऊण टाकीवर येऊन थांबला.

“काय दाबलंस?”

“काही नाही.”

विमान उडालं. मी कशालाही हात लावला नाही. ढग गेले, शेतं गेली, लांबवर नदीची रेघ दिसली... आणि इंजिन बंद पडलं.

“जुळलं,” हे पुटपुटले. “न रडता जुळलं...”

त्या शांततेत माझ्या कानात कुणीतरी श्वास घेतला. धाप लागलेला, पुरुषी. मग एक प्रश्न आला, फार आदरानं विचारलेला. पुन्हा आला. मी हेडफोन काढला. त्याची वायर खुर्चीखाली लोंबत होती, कशालाच न जोडलेली.

सासूबाई माझे डोळे कोरडे का, ते बघत होत्या. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. उंबऱ्याबाहेर उभे असलेले सासरे तेवढे काट्याकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. मागे स्क्रीनवर विमान आपसूक धावपट्टीवर परत येऊन उभं राहिलं.

मी उठले. हातानं खुर्ची झटकली.

“बाबा, आता तुम्ही बसा. भाऊजी विचारतायत... ह्या वेळी तरी टाकी पूर्ण भरलीय ना?”