बटण कुणी दाबलं?

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढं सरका. पण खोटं म्हणू नका. यातलं एक अक्षरही मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय. आणि रात्री-बेरात्री नाही हो... सकाळी, अंगणात उन्हं आलेली असताना. गेल्या महिन्याभरात, जळकोटला, माझ्या मावशीच्या घरात.

मी नंदीश. नळदुर्गला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. या धंद्यानं मला एक गोष्ट पक्की शिकवली. गिऱ्हाईक खोटं बोलतं. चहानं चिकट झालेला कीबोर्ड समोर ठेवतील आणि वर म्हणतील, "म्या काहीच केलं न्हाय, आपोआप बंद पडला." आपोआप कायबी होत नसतं. कुणाचा तरी हात लागलेला असतो.

असं मी मानायचो.

मावशीचे यजमान, मल्लिकार्जुनअप्पा, या श्रावणात गेले. घरात मागं तिघं राहिले. उमादेवी मावशी, थोरला रुद्रेश आणि धाकटी शिवांजली. रुद्रेशचं खताचं दुकान आहे. शिवांजलीला पुण्याच्या एका कंपनीत घरी बसून करायची नोकरी मिळत होती. फक्त एक ऑनलाइन परीक्षा बाकी होती. घरूनच द्यायची. कॅमेऱ्यासमोर, बंद खोलीत, एकटीनं.

रुद्रेशनं तिला सांगून टाकलं होतं, "पास झालीस तर नोकरी कर. न्हाय तर आळंदचं स्थळ पक्कं."

ते स्थळ तिला नको होतं. पोरगी रडून रडून सांगत होती. अप्पा असते तर त्यांनी तिची बाजू घेतली असती, पण अप्पाच नव्हते.

आणि नेमका तेव्हाच घरातला कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

रोज सकाळी... फक्त सकाळी.

परीक्षाही सकाळचीच होती.

मी गेलो. कॉम्प्युटरचा डबा उघडला तर आतल्या पंख्यावर पांढरी भुकटी. बोट लावून बघितलं. भस्म!

"हे काय हो मावशी?"

"विभूती हाय रे," मावशी म्हणाली. "अप्पा पूजा झाली की कॉम्प्युटरला बी तीन बोटं ओढायचे. आता मी ओढते. बंद कशाला करायचं?"

माझं डोकंच फिरलं. "धन्य आहात! पंखा कोंडला, मशीन तापलं, म्हणून बंद पडतंय. आजपासून मशीनला विभूती बंद."

सगळं साफ केलं. मोठा शहाणा असल्यासारखा मिशीवर ताव देत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवांजलीचा फोन आला. "दादा, परत बंद पडला..."

मग मशीन उचलून दुकानात आणलं. दिवसरात्र चालू ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही. जळकोटला नेऊन जोडलं. दुसऱ्या सकाळी बंद.

म्हणजे दोष त्या घरात होता. वायरिंग तपासलं, अर्थिंग तपासलं. रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला. काही फरक नाही. शेवटी मशीनमधली नोंद उघडली. कॉम्प्युटर का बंद झाला, हे तो स्वतःच आत लिहून ठेवतो. तापला असता तर तसं दिसलं असतं. लाइट गेली असती तर तसं.

रोजच्या नोंदीत एकच कारण होतं.

कुणीतरी बटण दाबलं होतं.

मी मनात म्हटलं, हां! इथंच पाणी मुरतंय. बहिणीची परीक्षा बुडावी असं घरात कुणाला वाटत होतं? रुद्रेशलाच ना? तडक त्याच्या दुकानात गेलो.

"बटण तूच दाबतोस ना रे?"

तो लालबुंद झाला. "डोकं फिरलं का तुझं? त्या टायमाला म्या दुकान उघडत असतो. विचार कुणालाबी. गळ्यातल्या लिंगाची आण, म्या हातसुद्धा लावला न्हाय."

आण घेतली तरी मी विश्वास ठेवला नाही. तो काय, असं म्हणणारच!

पुढच्या सकाळी मी स्वतः त्या खोलीत जाऊन बसलो. आतून कडी लावली. खोलीत टेबल, खुर्ची आणि मी. मागं भिंतीपाशी अप्पांचं पूजेचं आसन अजून तसंच अंथरलेलं होतं. मी डबा उघडला आणि बटणाची तारच उपटून काढली. आतल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवून मशीन चालू केलं. आता बटण दाबा, नाहीतर हातोडा हाणा, मशीनला कळणारच नव्हतं.

पंखा घरघरत होता. बाहेर हायवेला गाड्या चालल्या होत्या.

मग गाड्यांचा आवाज येईना...

अंगणातल्या कोंबड्याही गप्प झाल्या.

आणि पंखा थांबला. स्क्रीन काळी.

मी परत चालू केलं.  नोंद उघडली.

बटण दाबलं.

आणि बटणाची तार माझ्या हातात होती.

मी कडी काढून बाहेर आलो. दाराशी मावशी उभी होती.

"हळू," ती कुजबुजली.

"का?"

ती स्वतःच गोंधळली. "अगबाई... सवय रे. ही अप्पांच्या पूजेची वेळ. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं की तेनला जरासुदीक आवाज चालायचा न्हाय. कॉम्प्युटरच्या त्या पंख्याचा तर लई राग यायचा. शिवांजलीनं बंद न्हाय केला तर आपणच उठून बटण दाबायचे."

मी ते हसण्यावारी नेलं. पण त्याच दुपारी अजिबात आवाज न करणारा पंखा आणून बसवला. जुना झिजला होता, बदलायचाच होता, असं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या सकाळी मशीन बंद पडलं नाही. तिसऱ्याही नाही.

"बघा, पंखाच होता!" मी मावशीला म्हणालो. 

परीक्षेच्या आधी कंपनीचा एक सरावाचा पेपर होता. कॅमेरा तपासायला तो मीच दिला, सरावाला कुणीही बसलं तरी चालत होतं. कडी लावून, एकट्यानं. सगळं सुरळीत झालं. मग खरा पेपर. शिवांजली खोलीतून बाहेर आली ती हसतच. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. रुद्रेशनंसुद्धा पेढे आणले.

दोन दिवसांनी कंपनीचा मेल आला.

परीक्षा रद्द.

कारण... खोलीत दुसरी व्यक्ती होती.

"कुणाला बसवलं होतंस गं?" रुद्रेश ओरडला.  मी मेलसोबतचे फोटो उघडले.

पहिल्या फोटोत शिवांजली पेपर देतेय. तिच्या मागं भिंतीपाशी जमिनीवर एक माणूस मांडी घालून बसलाय. अंगावर शाल. डावा तळहात छातीशी धरलेला, मान तळहातावर झुकलेली. तोंड दिसत नव्हतं.

दुसरा फोटो सरावाच्या पेपरचा होता. त्यात मी होतो.

तो माणूस माझ्या खुर्चीला खेटून बसला होता...

मावशीनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "शाल तीच हाय. माती देताना घातलेली."

आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवूनच माती देतात.  शिवांजली हुंदके देत म्हणाली, "अप्पा आले होते, आन् मी एकदासुद्धा मागं वळून बघितलं न्हाय."

मला मात्र रडू आलं नाही. मला घाम फुटला होता.

मेलच्या शेवटी लिहिलं होतं, ती व्यक्ती कोण ते खरं कळवा, एक संधी देऊ. रुद्रेश म्हणाला, शेजारी आला होता म्हणून लिही. मावशीनं त्याला गप्प केलं. "तेंच्यासमोर खोटं लिहू नका."

शिवांजलीनं लिहिलं, "ते माझे वडील होते."

उत्तर लगेच आलं. सोमवारी सकाळी परत परीक्षा द्या. मात्र या वेळी वडिलांना खोलीबाहेर थांबायला सांगा. ते पुन्हा दिसले तर तुम्ही कायमच्या बाद.

शिवांजली हट्टाला पेटलीय. "मी माझ्या बापाला बाहेर जा म्हणणार न्हाय. आळंदला जावं लागलं तरी चालंल." मावशी म्हणते, तेनला जा म्हणायला माझी जीभ रेटत न्हाय. रुद्रेश त्या खोलीत पाय ठेवायला तयार नाही. मग राहिलो मीच. मशीन मी दुरुस्त केलं ना, आता हेही मीच करायचं म्हणे!

उद्या सोमवार. उजाडायच्या आत मी जळकोटला निघणार आहे. त्या आसनाकडं तोंड करून काय बोलायचं, ते अजून ठरत नाही. त्यांनी ऐकलं नाही तर पोरीचं वाटोळं होईल, हे कळतंय मला.

पण खरं सांगू? मला भीती दुसरीच वाटतेय.

त्यांनी ऐकलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या आसनावरून उठले तर...